मुरबाडचा तुकडा

आमचे शेजारी जाधव सर दगड चाटतात. वेड म्हणून नव्हे, भूगर्भशास्त्र म्हणून. ओल्या दगडातले स्फटिक नीट दिसतात, हे त्यांनी अख्ख्या शहापूरला समजावलेलं आहे. तरी आमच्या घरभरणीला नव्या टाइल्सकडे ढुंकूनही न बघता त्यांनी जोत्याचा दगड चाटला, तेव्हा आई म्हणाली, “सर, पंगत बसतेच हाय. जरा दम धरा.”

आपल्या भागात फार पूर्वी जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा मऊ दगड झिजल्यावर त्याच्या काळ्या भिंती उघड्या पडल्या. सर त्यांना डाइक म्हणतात आणि सोयऱ्यांसारखी त्यांची चौकशी करतात. साडेसहा कोटी वर्षं म्हणजे त्यांच्या लेखी परवाची गोष्ट. ‘दहा लाख इकडे की तिकडे’ हे तर ते भाजीतल्या मिठाबद्दल बोलावं तसं बोलतात. एसटीला मात्र पाच मिनिटं उशीर झाला, की कंट्रोलरचं काही खरं नसतं.

शहापूरची भिंत आणि मुरबाडची भिंत एकाच लाव्ह्याची का, हा त्यांचा जन्माचा ध्यास. शहापूरचे तुकडे प्रयोगशाळेत पोचले होते. मुरबाडचा तेवढा राहिला होता, आणि तो ताजा हवा. हवा-पाणी लागून कुजलेल्या दगडाचं वय धड निघत नाही. प्रयोगशाळेने मोठ्या मिनतवारीनंतर वेळ दिली होती. ती हुकली, तर संपलं.

मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. डोंगरभर भिंत कुजलेली; हातोडा मारला की भुगा. शेवटी खाली ओढ्यात त्याच भिंतीचा एक सपाट दगड धड निघाला, शेवाळाखाली काळाभोर. सरांनी हातोडा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

जाधव काकूंना जाऊन वर्ष झालं. त्यांचं माहेर इथलंच. विद्यार्थी असताना सर नमुना घ्यायला आले, तर काकू याच दगडावर धुणं आपटत होत्या. बाजूला व्हा म्हटल्यावर म्हणाल्या, “धुणं होऊ द्या माजं. दगड काय पळून नाय जात.” सर थांबले, आणि नमुना न घेताच घरी गेले. हे सगळं त्यांनी मला दगडाकडे बघत सांगितलं.

“दुसरीकडे बघू या का?” मी विचारलं. दुसरीकडे काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“नको. नाही कळलं तर नाही कळलं.”

घरोघरी नळ आल्यापासून तिथे कुणी धुवायला येत नाही. सर चपला काढून पाण्यात उतरले आणि तळहाताने दगडावरचं शेवाळ घासू लागले. मीही दुसऱ्या बाजूने घासायला बसलो.