परबकाकांनी पास केलेल्या भिंती

आमच्या सोसायटीत कुणाच्या बेडरूमच्या भिंतीवर पंजाएवढी काळी फुली दिसली तर घाबरायचं कारण नाही. महापालिकेचा माणूस येऊन गेलेला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे परबकाका येऊन गेलेत आणि त्या घरात रंगकाम निघालंय, एवढाच त्याचा अर्थ.

फुली ते स्वतःच्या हातानं मारतात. त्यासाठी काळ्या पोस्टर कलरची बाटली आणि छोटा ब्रश कायम त्यांच्या पिशवीत असतो. मार्कर चालत नाही. मार्करची शाई वरून कितीही रंग लावा, फुटून वर येते, "आनि मग लोकां रंगाक दोष देतत." पेंटरनं फुलीवरून नवा रंग मारायचा. पहिला हात सुकला की काका येणार, चष्मा कपाळावर ढकलणार आणि भिंतीला जवळजवळ नाक लावून बघणार. दुसरा हात सुकला की परत तेच. तरी फुली दिसली तर डबा दुकानात परत. "दोन हातांत झाकूक होया. तिसरो हात लागलो तर तो रंग न्हय, ताक." मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन्ही विंगांत हे वाक्य पोरांनासुद्धा पाठ आहे.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे भांडुपला रंगाच्या कारखान्यात लागले, तपासणी खात्यात. काम काय, तर अर्धं काळं, अर्धं पांढरं असलेल्या पुठ्ठ्यावर रंग फासायचा आणि खालचं काळं दिसतंय का ते बघायचं. दिसलं की नापास, नाही दिसलं की पास. हे काम माणसानं तेहेतीस वर्षं केलं तर त्याचं काय होतं, ते आम्ही जवळून पाहिलंय. रिटायर झाल्यावर पुठ्ठे सुटले, तसे काका लोकांच्या भिंतींकडे वळले.

त्यातही हॉल आणि किचनमध्ये त्यांना रस नाही. "हॉल पावन्यांसाठी. पावने काय, चाय पितले आनि जातले." त्यांचा जीव मुलांच्या खोलीत. मुलांच्या खोलीची भिंत घरात सगळ्यात जास्त सोसते, असं त्यांचं म्हणणं. तेलाचं डोकं, स्केचपेन, स्टिकर, बॉल, टोमॅटो सॉस. तेव्हा रंग पुसता आला पाहिजे, वास कमी पाहिजे आणि दोन हातांत झाकलं पाहिजे. एवढं साधं आहे, पण ठरवायला ते तीन आठवडे घेतात, कारण आधी मुलाची मुलाखत होते.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा माझी मुलगी तारा सात वर्षांची होती. काका आले आणि मला नमस्कारही न करता तिच्यासमोर स्टूलवर बसले.

"खंयच्या कुशीवर निजतंस?"

तारानं विचार करून डावी कूस सांगितली.

"भिंतीक पाय लावतंस?"

"हो, कधीकधी."

"केवढो पाय? दाखव."

तिनं पाय दाखवला. काकांनी डायरीत काहीतरी लिहिलं. मग चप्पल काढून सरळ ताराच्या पलंगावर डाव्या कुशीवर आडवे झाले आणि भिंतीकडे बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तारा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, हे झोपले का?"

"झोपूक नाय, बघतंय," काका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "ह्या पोराक रोज निजताना ह्याच दिसतला. आधी माका बघूक नको?"

ती डायरी हा आणखी एक प्रकार. घर नंबर, मुलाचं नाव, जुना रंग, नवा शेड नंबर, आणि सगळ्यात खाली कारखान्याच्या सवयीनं ‘पास’ आणि सही. आपण एकही भिंत चुकीची पास केलेली नाही, हे ते दर दोन वाक्यांनी सांगायचे. त्यांना मूलबाळ नाही, पण सोसायटीतल्या प्रत्येक मुलाची भिंत त्यांना तोंडपाठ.

आता आमच्या भिंतीचं सांगते. आधीच्या मालकानं खोलीला गडद मरून रंग दिला होता, का ते त्यालाच माहीत. ताराला हवा होता फिकट जांभळा. गडदावर फिकट चढवायचं म्हणजे आधी पांढरा प्रायमर, त्यावर दोन व्याख्यानं, मग रंग. काकांनी खिडकीजवळ शेडकार्ड धरून एक नंबर काढला. आमच्या सोसायटीत पंधरा वर्षं रंगकाम करणाऱ्या बिरजूनं तो आणला आणि लावला. दोन हातांत फुली गेली, मरून गेला, सगळं झकास झाकलं. फक्त भिंत वांग्याच्या रंगाची झाली. माझा नवरा म्हणाला, ओला आहे म्हणून असा दिसतोय, सुकला की उतरेल. सुकला, पण उतरला नाही. काका कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ, कसो गोड इलो," आणि पासची सही करून मोकळे झाले.

मी काहीच बोलले नाही. मग कळलं की मी एकटी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला आभाळी रंग हवा होता, त्याची खोली स्विमिंग पूल झाली होती. ए विंगमधल्या जुळ्यांची तर रात्री दिवा घालवला तरी निळी वाटते, असं त्यांची आई सांगायची. तीन वर्षांत अशा सहा खोल्यांची वाट लागली आणि सहाही घरं गप्प. आम्ही फार चांगली माणसं म्हणून गप्प होतो असं काही नाही. व्याख्यान नको, हे एक कारण होतंच. दुसरं कारण, तीन वर्षांपूर्वी सुलभाकाकू गेल्या.

काकू म्हणजे काकांची बायको. मी त्यांना थोडीच वर्षं पाहिलं, आम्ही शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहत होतो तेव्हा; हे घर घेतलं ते त्या गेल्यानंतर. काका भिंती बघायला जायचे तिथे त्याही जायच्या, दारात त्यांची पिशवी धरून उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. रंग कसा वाटतो असं कुणी विचारलं तर "ह्यांका इचारा" म्हणायच्या. त्या गेल्यावर काकांना जायला लोकांच्या भिंतींशिवाय जागा उरली नाही. त्या माणसाला तुमचा रंग चुकला म्हणून कोण सांगणार?

पण डोळ्यांचं दुखणं लपत नाही. आधी ते दूधवाल्याशी भांडले, म्हशीचं सांगून गाईचं घालतोस, पिवळं दिसतंय. मग इस्त्रीवाल्यावर घसरले, पांढरे शर्ट पिवळे करतोस म्हणून. मग नव्या दिव्यांमध्ये दम नाही, अशी सोसायटीत तक्रार. एक दिवस जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि गुडघा फुटला, तेव्हा मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. काका ऐकेनात. "ह्याच डोळ्यांनी तेहेतीस वर्षां पास-नापास केलंय." डॉक्टर शांतपणे म्हणाले, हा काही आजचा नाही, आठ-नऊ वर्षं वाढत आलाय. अशा डोळ्यांना सगळं पिवळट दिसतं, आणि फिकट निळा-जांभळा तर नुसता मळकट पांढरा वाटतो, गडद असेल तरच निळा दिसतो.

महिनाभरात दोन्ही डोळे झाले. पट्टी काढल्यावर ते पहिलं वाक्य नर्सला म्हणाले, "ह्या भिंतीचो पांढरो इतको निळो कित्याक?" नर्सनं माझ्याकडे बघितलं.

येताना रिक्षात मात्र ते काळा गॉगल लावून सरळ समोर बघत बसले होते. आमच्या गेटापाशी आल्यावर म्हणाले, "आठ-नऊ वर्षां. म्हंजे इतकी वर्षां मी काय पास केलंय गो?"

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. गॉगल, डायरी आणि शेडकार्डांचा जाडजूड गठ्ठा. ताराच्या खोलीत गेले, गॉगल काढला. आधी भिंतीला नाक लावून बघितलं, मग मागे सरकून.

"ह्यो माझोच नंबर?"

पेंटरनं चुकवला, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तारा म्हणाली, "हो काका, तुमचाच. मला आधी नव्हता आवडला. आता सवय झाली."

त्यांनी डायरीत आमच्या पानावर ‘नापास’ लिहिलं. मग मला बरोबर घेऊन बाकीच्या पाच घरांत गेले आणि पाचही पानांवर तेच लिहिलं. मी म्हटलं, काका, आता पुरे. ते म्हणाले, "पुरे कसा? आधीचे रवले." आठ-नऊ वर्षांचा हिशेब होता. काकू असतानाच्या खोल्या अजून बघायच्या होत्या, आणि त्याही चुकल्या असतील तर रिटायर झाल्यापासून केलेलं जवळजवळ सगळंच चुकलं, हे त्यांना दिसत होतं. जिना चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

पहिली खोली चौथ्या मजल्यावर. मुलगा आता इंजिनीअरिंगला आहे, भिंत तीच. फिकट निळी, शांत, अगदी हवी तशी. काकांचा चेहरा एकदम सुटला. पण त्यांनी सवयीनं डायरीतला नंबर शेडकार्डवर काढून भिंतीला लावला, आणि तो भिंतीशी जुळेना. कार्डच्या एका पट्टीवर एकच रंग वरून खाली गडद होत जातो. डायरीतला नंबर बराच खालचा होता. भिंत त्याच्यापेक्षा दोन खाने वरची होती. दुसऱ्या घरी गेलो. भिंत सुंदर, आणि दोन खाने वरची. तिसऱ्या घरी तेच.

"बिरज्यान फसवलां," काका म्हणाले. आनंद व्हायचा सोडून त्यांना राग आला होता. आपला नंबर दुसऱ्यानं बदलावा, हे त्यांच्या डोक्यातच बसत नव्हतं. ए विंगमध्ये काम चालू होतं, तिथून बिरजूला बोलावून घेतलं. तो हात पुसत आमच्या हॉलमध्ये येऊन उभा राहिला.

"माझो नंबर बदलूक तू कोन?" काकांनी डायरी त्याच्यासमोर धरली. "हर घर में दो खाना ऊपर?"

बिरजूनं माझ्याकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. "मैंने नहीं बदला साब. काकी बदलती थी."

काकांनी डायरी खाली घेतली.

"आप नंबर दे के घर जाते थे, बाद में काकी नीचे आती थी. बोलती थी, बिरजू, इसी पट्टी में दो खाना ऊपर का लेना. और साब को मत बताना. तो मैंने नहीं बताया."

"आणि काकू गेल्यावर?" मी विचारलं.

"बाद में कौन बोलता? साब ने जो नंबर दिया, वोही लगाया."

बिरजू गेला. काका सोफ्यावर बसले, डायरी मांडीवर. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"तिका म्हायत हुतां," ते म्हणाले.

"हो."

"आनि माका सांगूक नाय."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का काका?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाय. भांडलो असतंय." डायरी मिटून म्हणाले, "पन भांडूक तरी गावलां असतां गो. एकेचाळीस वर्षांत आमी एकदा पन भांडूक नाय. माका वाटायचां, माझां सगळां बरोबर असता म्हनान." मग त्यांनी गॉगल लावला आणि बसून राहिले. नव्या डोळ्यांना पाणी चालत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पुढच्या शनिवारी ताराची खोली परत काढली. वांगी रंगावर प्रायमर चढला. काकांनी शेडकार्डवर एक नंबर दाखवला, बिरजूनं खिडकीजवळ हातभर तुकडा रंगवला, तो सुकला. काका मागे सरकून बघत राहिले आणि मग त्यांनी आजवर कुणाला न विचारलेलं विचारलं. "कसो वाटता?"

"छान आहे," मी म्हटलं. तीन वर्षांची सवय. ते माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट भिंतीकडे बघितलं. "नाही काका. फार फिकट झालाय. दवाखाना वाटतोय."

"फिकट? खंय फिकट? हय उजेडात येवन बघ."

मी उजेडात गेले. तरी फिकटच होता. तारा म्हणाली, तिलाही फिकट वाटतोय. बिरजूला विचारलं, तर तोही हळूच म्हणाला, "एक खाना नीचे, साब." काका तिघांवर उखडले. तुमी काय तपासणी खात्यात हुतास? मी म्हटलं, खोली माझ्या मुलीची आहे. ते म्हणाले, पोरगी तुझी, भिंत माझी. अर्धा तास आम्ही असे भांडलो की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. काही ठरलं नाही.

शेवटी त्यांनी पिशवी भरली, चप्पल घातली. दारात वळून म्हणाले, "उद्या सकाळी परत येतंय. गप रवू नको."