तोंडावर सांगणारा प्रशिक्षक

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झालो त्याच दिवशी मी पत्रकारांसमोर टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "माझ्या संघातून कुणाला वगळायचं असेल, तर मी स्वतः त्याला तोंडावर सांगेन!" त्याला कारण होतं. चौदा वर्षं देशासाठी खेळलो आणि एक दिवस बॅग घेऊन संघाच्या बसमध्ये चढलो, तर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, यादीत तुमचं नाव नाही. उतरा." अख्खी बस खिडकीबाहेर बघायला लागली! ते दुखणं अजून गेलेलं नाही.

तर माझा पहिलाच सामना. नाणेफेकीला अर्धा तास. मी ड्रेसिंग रूममध्ये फलंदाजीचा क्रम लिहीत बसलो होतो आणि बायकोचा फोन आला.

"अहो, प्लंबर येऊन उभा आहे. गीझरचं काय करायचं?"

"काढून टाका! जुना झालाय. मधेच तापतो, मधेच थंड पडतो. शिवाय गळतोय."

"तो म्हणतो, दुरुस्त होईल."

"दोनदा केला ना दुरुस्त? काय उपयोग झाला? आता नवाच बसवायचा. आजच!"

फोन ठेवून मी पुन्हा यादीत डोकं घातलं. पडद्यापलीकडे मालिशच्या टेबलावर आमचा कप्तान पालथा पडला होता, हे मला कोण सांगणार?

दहा मिनिटांनी मालिशवाला तेलकट हातांनीच आला.

"सर, कप्तान बॅग भरतोय."

"कशाला?"

"आता मलाच विचारा! जुना झालाय म्हणालात, ठीक. तापतो म्हणालात, तेही खरं. गुडघ्याची दोन्ही ऑपरेशन्स काढलीत. पण गळतोय? माणसाच्या केसांवर कशाला जायचं, सर?"

मी धावलो. उपकप्तान आरशासमोर कप्तानाचा ब्लेझर घालून बघत होता! कप्तानाने टीव्हीवाल्यांना निवृत्तीही सांगून टाकली होती. तो गेला की सामना गेला, आणि सामन्यापाठोपाठ मी.

"अरे, मी गीझरबद्दल बोलत होतो!"

"सर, थाप मारायची तर निदान बरी मारा."

"खरंच गीझर! घरचा! बाथरूममधला!"

"देशासाठी दहा वर्षं खेळलो, आणि बाथरूममधला गीझर?"

शेवटी मी बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. म्हटलं, आता हिच्याच तोंडून ऐकू दे.

"अहो, गीझर काढला," ती म्हणाली. "नवा बसतोय."

"ऐकलंस?" मी ओरडलो. कप्तानाचा चेहरा खुलला. मीही सुटकेचा श्वास सोडला, पण फोन बंद करायचं सुचलं नाही!

"पण टीव्हीवर हे काय दाखवतायत? कप्तानाला आजच काढलात? तुम्ही तर म्हणत होतात, पुढच्या दौऱ्याला त्याला न्यायचं नाही, पण सांगायचा धीर होत नाही म्हणून!"

कप्तान फोनवर वाकला.

"वहिनी, मी कप्तान बोलतोय. आजच्या सामन्याचं काय म्हणाले?"

"अगंबाई! आजचं होय? तो नसला तर आपलं काही खरं नाही, असं म्हणाले."

त्याने उपकप्तानाच्या अंगावरून ब्लेझर उतरवला, स्वतः चढवला आणि नाणेफेकीला निघाला. दारात थांबून म्हणाला, "दौऱ्याचं तुम्ही सांगायला हवं होतं, सर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने ब्याण्णव धावा काढल्या. सामना आम्ही जिंकलो, माझी नोकरी टिकली. पण आता संघात कोण आहे, कोण नाही, हे मला कुणी विचारतच नाही. सगळे थेट 'वहिनीं'ना फोन करतात! काल यष्टिरक्षक तिच्याशी वीस मिनिटं बोलत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून ऐकलं. पुढच्या सामन्यात तो खेळतोय म्हणे.