हॉलिसकाकांचं पित्ताशय

खोट्या पेशंटच्या परीक्षेत रोझलिन पिकेट एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती, तर फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासणारी, व्हायचं राहिलं बाजूला, ती थेट बापाच्या टायरच्या दुकानात बसली असती. पण आमच्या केंटकीतल्या ख्रिस्ती विद्यापीठात, बुधवारच्या प्रार्थनासभेत, "देवा, मला पास कर" असं चारचौघांत मागायची तिला लाज वाटली. पाद्रीबुवांनी "अजून कुणासाठी प्रार्थना करायची?" असं विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझे पेशंट हॉलिसकाका. त्यांच्या पित्ताशयासाठी."

हॉलिसकाका म्हणजे स्कूलबसचे निवृत्त ड्रायव्हर. बायको जाऊन चार वर्षं झालेली. आमच्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आणि परीक्षेसाठी ते हातात पडेल ते आजाराचं कार्ड पाठ करून खोटे आजारी पडायचे. त्या दुपारच्या कार्डात पित्ताशय होतं, एवढंच. पण सभेतल्या मिस ओरालींनी त्यांचं नाव प्रार्थनेच्या वहीत टिपून घेतलं, आणि आमच्याकडे कुणाचं नाव त्या वहीत चढलं की बायका चौकशी करत बसत नाहीत, सरळ ओव्हन लावतात.

शनिवारी रोझलिन काकांकडे गेली, तर टेबलावर नऊ भांडी. चीजमधलं चिकन, क्रीममधले नूडल्स, बटाटा आणि त्यावर चुरलेले वेफर्स.

"अहो काका, सगळ्यांना वाटतंय तुम्ही खरंच आजारी आहात. मी आजच सांगून टाकते."

"गप बस गं," काका चमचा न थांबवता म्हणाले. "चार वर्षं डब्यातलं सूप गिळतोय. शुक्रवारी तुझी परीक्षा होऊ दे, मग सांग."

"हे पाप आहे, काका."

"सांगितलंस तर शुक्रवारी मी तोंडच उघडणार नाही. मग विचार भिंतीला, कुठे दुखतंय म्हणून."

रोझलिन गप्प बसली. आणखी सहा भांडी आली.

शुक्रवारी काका तपासणीच्या टेबलावर बसले होते आणि काचेपलीकडे परीक्षक डॉ. बीसली गुणांचा कागद घेऊन.

"पायरीवरून घसरलो," काका कार्डाबरहुकूम म्हणाले. "घोटा दुखतोय." हात मात्र उजव्या बरगडीखाली, आणि कपाळावर घाम.

"घोटाच ना?"

"घोटाच."

"मग पोट का धरलंय?"

"ते कार्डात नाहीये."

रोझलिनने बरगडीखाली बोटं दाबून श्वास घ्यायला सांगितलं. काकांचा श्वास अर्ध्यातच अडकला.

"सकाळी काय खाल्लंत?"

"मिस ओरालींचा बटाटा," काका कण्हले. "अख्खं भांडं. पोरी, तू घोटा बघ. उगाच नापास होशील."

एवढ्या कळा येत असतानाही हा माणूस आपलीच काळजी करतोय, हे बघून रोझलिनला रडूच आलं. वेळ संपण्याआधी खोलीबाहेर पाऊल टाकलं की शून्य, हा नियम दारावरच चिकटवला होता. तिने ते दार उघडलं.

"ॲम्ब्युलन्स बोलवा. हे नाटक नाहीये."

"अभिनय उत्तम आहे," डॉ. बीसली आत येत म्हणाले, "पण माझ्या कागदावर तर घोटा..."

तेवढ्यात काकांनी मिस ओरालींचा बटाटा डॉक्टरांच्या बुटांवर परत केला.

दुसऱ्या दिवशी पित्ताशय काढलं. आत खडेच खडे होते, म्हणे. काका वाचले. डॉ. बीसलींनी रोझलिनकडून सगळी हकिगत ऐकून घेतली, घोट्याला शून्य दिलं आणि तिला पास केलं.

पुढच्या बुधवारी रोझलिन कबुली द्यायला सभेत उभी राहिली. "मी नाव घेतलं तेव्हा काका आजारी नव्हतेच. म्हणजे मला..."

"ऐकलंत?" मिस ओरालींनी वही उंचावली. "डॉक्टरांच्या नऊ दिवस आधी पोरीला कळलं होतं."

सगळी सभा भक्तिभावाने तिच्याकडे बघू लागली. आता काय सांगणार, कपाळ? ती खाली बसली.

"अजून कुणासाठी प्रार्थना?" पाद्रीबुवांनी विचारलं.

पास केल्याबद्दल निदान देवाचे आभार तरी मानावेत म्हणून रोझलिनने हात वर केला. पुढच्याच बाकावर डॉ. बीसली बसले होते. मागे न वळता ते हळूच म्हणाले, "माझं नाव घेऊ नकोस."