मागून उघडणारं कपाट

"एकाच गोष्टीला चार-चार शब्द कशाला लागतात?" धाकट्याने दादाला विचारलं, तेव्हा दादा स्टुलावर चढून पंख्याच्या बटणाशेजारी चिठ्ठी डकवत होता. "सांगतो नंतर," तो म्हणाला. मग साधा ताप म्हणता म्हणता दादा गेला. सांगायचं राहूनच गेलं.

चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या. वहिनीला दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी मिळावी म्हणून दादाने घरातल्या एकूण एक वस्तूवर इंग्रजी शब्द, अर्थ आणि समानार्थी शब्द लिहून लावले होते. पण कणकेच्या खळीने. त्या आता गळायला लागल्या. केर काढताना एखादी सापडली की वहिनी ती पदराने पुसून उशीखाली ठेवायची, आणि केर तसाच राहायचा. धाकट्याला ते बघवेना.

तो सुताराच्या हाताखाली कामाला होता. शाळेशी त्याचं कधी जमलं नव्हतं (शाळेचंही त्याच्याशी). वहिनीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी, घरात कुणी नसताना, त्याने प्लायवूडचा सरस आणून सगळ्या चिठ्ठ्या पक्क्या केल्या. वहिनीच्या कपाटाची चिठ्ठी तर अगदी मधोमध लावली. म्हणजे दोन्ही दारांच्या फटीवर. वर फटीतही थोडा सरस ओतला, असू दे म्हणून.

"भाऊजी, कपाट उघडत नाहीये," सकाळी वहिनी म्हणाली. साडी आत, सर्टिफिकेटं आत.

बाबा सुरी घेऊन आले. "चिठ्ठी कापली की झालं." सुरी कागदापर्यंत गेली. कबर्ड, वॉर्डरोब, क्लोजेट. दादाची तिरकी अक्षरं. बाबा थांबले. "हात थरथरतात हल्ली माझे," म्हणाले आणि सुरी ठेवून आले. (दाढी करताना कधी थरथरले नव्हते.)

"माझी साडी नेस," आई म्हणाली.

"आणि सर्टिफिकेटं? तीही तुमचीच नेऊ?" वहिनीचे डोळे भरून आले.

विचार करणं हे धाकट्याचं खातंच नव्हतं. त्याने कपाट भिंतीपासून ओढलं, मागे शिरला आणि पाठीची फळी उचकटून काढली. वहिनी मागून साडी-सर्टिफिकेटं काढून, नेसून धावत सुटली.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. "उशीर का झाला, साहेबांनी इंग्रजीत विचारलं. 'कबर्ड' काही तोंडातून निघेना, भाऊजी. मग 'वॉर्डरोब' काढलं, 'क्लोजेट' काढलं. हसले ते. सोमवारपासून या म्हणाले."

तेव्हापासून कपाट खोलीच्या मधोमध उभं. चिठ्ठी पुढून वाचायची, कपडे मागून काढायचे. पाहुणे बुचकळ्यात पडायचे. शेवटी धाकट्याने मागच्या बाजूला छान दार बसवलं. घरासाठी त्याने केलेलं ते शेवटचं काम. (पुढे कुणी त्याला कशाला हात लावू दिला नाही.) आतला खण ठोकायला तो कपाटात शिरला आणि दार मागे लागलं. रंधा मारायचा राहिल्याने घट्ट बसलं. मूठ फक्त बाहेरून.

आतून इंग्रजी आलं, होतं नव्हतं तेवढं सगळं. "हेल्प. प्लीज. सॉरी. थँक्यू."

"भाऊजी, हे समानार्थी नाहीत," वहिनी बाहेरून म्हणाली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती हसत होती.

"आतून सगळे सारखेच वाटतात, वहिनी."