'के'पर्यंतचा अभ्यास

यज्ञेश्वर मास्तरांनी शाळेतला जाडजूड इंग्रजी कोश पाठ करायला घरी आणला होता. इंग्रजी शब्द पूर्वी कसे लिहीत आणि ते कुठून आले, एवढंच त्यात होतं. गेल्या वर्षी इन्स्पेक्टर साहेबांनी त्यातले तीन शब्द विचारून तीन मास्तरांना गप्प केलं होतं. आता पाळी यज्ञेश्वर मास्तरांची होती. उत्तरं आली तर सोलापुरात कायम, नाहीतर नातेपुत्याला बदली.

खंडेनवमीला शाळा बंद, म्हणून साहेबांनी तोच दिवस ठरवला. सकाळी मास्तर आंघोळ करून आले. 'के' संपलं होतं, 'एल' काढायचं होतं. पण कोश पाटावर गेला होता. त्यांच्या बायकोनं, पद्मजाबाईंनी, त्याच्यावर सरस्वतीची पाटी मांडून हळदकुंकूही वाहिलं होतं.

"अगं, चार वाजता परीक्षा आहे!"

"असू दे. उद्या देवी उठेपर्यंत पुस्तक हलायचं नाही."

"ते इंग्रजी आहे."

"मग? तिला इंग्रजी येत नाही की काय?"

शेजारच्या पार्वतम्मांनी एवढा मोठा ग्रंथ पाहिला आणि नातवंडांची सगळी पुस्तकं त्याच्याभोवती आणून रचली. दुपारपर्यंत कोश दिसेनासा झाला.

तेवढ्यात शाळेचा शिपाई ईरप्पा पाया पडायला आला. "सायबाची चिठ्ठी हाय, हेडमास्तरास्नी द्यायची. म्हटलं, जाता जाता देवीला भेटावं."

"लिहिलेला कागद आज असा हिंडवतात का?" पद्मजाबाई म्हणाल्या. "ठेव तिथं."

"व्हय की," म्हणून ईरप्पानं चिठ्ठी पूजेत ठेवली.

चार वाजता शाळेत साहेबांनी हेडमास्तरांना विचारलं, "माझी चिठ्ठी मिळाली?"

"पूजेत हाय, सायेब," दारातून ईरप्पा म्हणाला.

"आणि कोश?"

"चिठ्ठीच्या खाली," यज्ञेश्वर मास्तर म्हणाले.

"तोंडीच सांगा, साहेब. काय होतं चिठ्ठीत?" हेडमास्तरांनी विचारलं.

साहेब खाकरले. "परीक्षेत विचारायला कोशातले पाच शब्द मागवले होते. अर्थासकट. मला गेल्या वर्षीचे तीनच येतात."

मग ते यज्ञेश्वर मास्तरांकडे वळले.

"तुमचं कुठपर्यंत झालंय?"

"'के'पर्यंत."

"मग तेवढंच सांगा."

मास्तरांनी सांगितलं. 'नाइफ'मधला 'के' चारशे वर्षांपूर्वी लोक तोंडानं म्हणत. 'हजबंड' म्हणजे मुळात घर असलेला माणूस. साहेब वहीत उतरवून घेत होते.

"आणि 'वाइफ'?"

"ती 'डब्ल्यू'त आहे, साहेब. तिथवर पोचलो नाही."

"अंदाजे?"

"कोश जिच्या ताब्यात असतो, ती."

साहेबांनी तेही उतरवलं आणि खाली रेघ मारली. मग नेमणुकीच्या कागदावर सही करून म्हणाले, "देवी उठली की कोश आधी माझ्याकडे पाठवा. तुमचं आता काय अडलंय?"