झिपरोजीचा मध सातासमुद्रापार

एका जंगलात, बाळांनो, झिपरोजी नावाचं अस्वल राहत होतं. कड्यावरच्या मधमाश्यांशी त्याचं छान सूत जुळलं होतं. तो माकडांपासून पोळ्यांची राखण करायचा आणि माश्या त्याला आपल्या साठ्यावरचा जादा मध काढू द्यायच्या. खाऊन उरलेला मध तो विकायचा.

धंदा बरा चालला, तशी झिपरोजीला पलीकडच्या डोंगरावर दुकान काढायची हौस आली. त्याने जंगलात दवंडी पिटली, की आज मला धान्य-फळं द्या, बदल्यात धंद्यात वाटा घ्या. धंदा वाढेल तसा तुमचा वाटाही वाढेल.

कोणी फिरकलं नाही. सांबर म्हणालं, हा कालपर्यंत आमच्यासमोर वाळवी चाटत हिंडत होता, याच्या धंद्यात कसला वाटा घ्यायचा? रानडुकराला मध आवडायचा. पण झिपरोजी पडला आपल्यातलाच, मग त्यात काय एवढं, असं त्याचं मत पडलं. पिकतं तिथे विकत नाही, हे झिपरोजीने ऐकलं होतं. ते असं झोंबतं, हे माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात तळ्यावर परदेशचा रोहित पक्षी उतरला. तो एका पायावर उभा राहून सल्ला देई. सल्ला चुकला की पाय बदली. त्याने सांगितलं, की बर्फाच्या देशात सील नावाचे मिशाळ प्राणी मोठा बाजार भरवतात. तिथे वाटे नोंदवले की रोज भाव पुकारतात.

"त्यांनी मध कधी चाखलाय का?" झिपरोजीच्या बायकोने, रेवाक्काने विचारलं.

"नाही," रोहित म्हणाला. "म्हणूनच भाव चांगला येईल."

झिपरोजी गेला. आधीच केसाळ, त्यात वरून कोट चढवला. बर्फावर उभं राहून त्याने बाजार उघडायची घंटा वाजवली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मध चाखायला कोणी मागितला नाही. दर तीन महिन्यांनी तो किती वाढेल, एवढंच सीलांनी विचारलं. पुष्कळ वाढेल, असं झिपरोजी म्हणाला. सीलांनी मासळीचे ढीग ओतले.

ही बातमी जंगलात पोचली आणि धांदल उडाली. जो वाटा दारात मूठभर धान्याला मिळत होता, तोच आता समुद्रापलीकडून तिप्पट भावाने मागवला जाऊ लागला. सांबराने त्यासाठी शिंगं गहाण टाकली. झिपरोजी शेवटी आपलाच, असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटलं.

मग पावसाळा आला. पावसात माश्या बाहेर पडत नाहीत, साठवलेल्या मधावर दिवस काढतात. झिपरोजीने सीलांना तसं कळवलं. उत्तर आलं, की बाजाराला पावसाळा नसतो.

झिपरोजी कड्यावर चढला आणि माश्यांचा साठा कापू लागला.

"झिपरोजी, हे आमच्या पोरांचं आहे," राणीमाशी म्हणाली.

"तिकडे अपेक्षा आहेत गं," तो म्हणाला.

सकाळी कडा रिकामा होता. एकही माशी नव्हती. सीलांच्या बाजारात वाटा असा गडगडला, की फुकटही कोणी घेईना. रोहितने पाय बदलला आणि उडून गेला.

रेवाक्का मात्र माश्यांना शोधत निघाली. नदीकाठच्या बेहड्याच्या ढोलीत त्या सापडल्या. तिने नवऱ्याच्या वतीने माफी मागितली आणि पाऊस सरेपर्यंत तिथेच राखण करत बसली. फुलं आली, मध आला. तिने जंगलाला बोलावलं, की चाखा आणि पटलं तर वाटा घ्या.

बिनशिंगांचं सांबर पुढे झालं. "हा तिकडे नोंदलेला आहे का?"

"नाही. गोड आहे."

"मग नोंदवून या," सांबर म्हणालं, आणि सगळे आपापल्या वाटेने गेले.

मागे उभा असलेला झिपरोजी त्यांना हसला. हसता हसता गडाबडा लोळला. मग ढोलीत बोट बुडवून चाटलं. मध पूर्वीसारखाच होता. पुन्हा चाटलं आणि हळूच विचारलं, "रेवा, तिकडे याला काय भाव आला असता गं?"

तात्पर्य: गोडी जिभेला कळत नाही, परक्याच्या भावाला कळते. तेव्हा बाळांनो, घरचं काहीही आधी चाखून पाहू नका. हे तात्पर्य इथे कोणाला पटणार नाही, याची कथेकऱ्याला कल्पना आहे. म्हणून तो ते आधी परदेशात सांगून येणार आहे.