चौघांची सहल आणि एकीचा उपास

एका जंगलात थंडी फार होती. इतकी, बाळांनो, की तिथे दव पडताना टक्कन आवाज यायचा आणि डोक्याला लागायचं.

त्या जंगलात अस्वलांचं एक घर होतं. घरात चौघं होती. सुंद्राबाई, त्यांचे यजमान केसोपंत, मुलगी तुळसा आणि धाकटे दीर भानुदासभाऊजी.

केसोपंत विचारी होते. भाऊजी अनुभवी होते. तुळसा हुशार होती. सुंद्राबाई मध आणायच्या.

पहाटे झाडावर चढायचं, माश्यांना नमस्कार करायचा, अर्धं पोळं घ्यायचं, अर्धं माश्यांना ठेवायचं, असा त्यांचा नेम होता. झाडावर केसोपंतांनाही चढता यायचं. पण लग्न झाल्यापासून तशी वेळच आली नव्हती.

तुळसेचं लग्न ठरलं होतं. पाऊस सरला की कार्तिकात ती सात डोंगरांपलीकडे सासरी जायची होती. अस्वलांमध्ये सासरी गेलेली लेक लवकर माहेरी येत नाही. मध्ये डोंगर असतात आणि प्रत्येक डोंगरावर काही ना काही काम निघतं.

त्याआधी पाच दिवस चौघांनी एका जागी बसावं, एवढंच सुंद्राबाईंना हवं होतं. घरात ते जमत नव्हतं. बसले बसले म्हणेपर्यंत केसोपंत पंचांकडे जायचे. भाऊजी उतारावर मतं द्यायला जायचे. तुळसा मैत्रिणींकडे जायची. सुंद्राबाई मागे उरायच्या, चार रिकाम्या वाट्या आणि त्या.

माघ महिन्यात समुद्राकडून एक खंड्या आला. निळा कोट, लांब चोच. जवळ पळसाच्या पानांचा गठ्ठा. पानांवर लिहिलं होतं, “उबदार समुद्र. शिडाची नाव. खास कुटुंबासाठी. पाच दिवस.”

सुंद्राबाईंनी त्याला एकच गोष्ट विचारली. चालत्या नावेतून मध्येच उठून कुठे जाता येतं का? खंड्या ओशाळला. म्हणाला, नाही ताई, या पॅकेजमध्ये तेवढं एक उणं आहे.

सुंद्राबाईंचं मन तिथेच ठरलं.

बाकी तिघांनाही सहल पसंत पडली. आता फक्त तीन बंदरांतून एक निवडायचं होतं. शंखबंदर, नारळखाडी किंवा पोवळबेट. खंड्याने जाता जाता बजावलं, की मृग लागला की शिडं उतरवतात, नावा किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली झाकतात, त्या दिवाळी झाल्याशिवाय कोणी उघडत नाही. केसोपंत म्हणाले, मृगाला अजून चार महिने आहेत, आपल्याला दोन दिवस पुरे.

सुंद्राबाई देवभोळ्या होत्या. त्या वनदेवीच्या देवळात गेल्या. तांब्याभर पाणी घातलं, कुंकू वाहिलं आणि संकल्प सोडला, की चौघांचं एकमत होऊन सहल ठरेपर्यंत मी मध खाणार नाही.

अस्वलाने मध सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही, बाळांनो. तुम्ही फार तर कारलं सोडता.

घरात सगळ्यांना कौतुक वाटलं. केसोपंतांनी आल्यागेल्याला सांगितलं, की आमच्या घरात असं आहे. भाऊजी म्हणाले, वहिनींना उपास सोसतो. तुळसेने आईच्या गळ्यात हात टाकले.

मग चर्चा सुरू झाली.

पळसाच्या पानांच्या खालच्या बाजूला आधी जाऊन आलेल्यांनी तारे दिले होते. पाच तारे म्हणजे उत्तम. नारळखाडीला एका पाणमांजराने दोनच तारे दिले होते. समुद्र सुंदर आहे, पण खारट, असं त्याने लिहिलं होतं. केसोपंत गंभीर झाले. त्यांनी खंड्याला निरोप पाठवला, की कमी खारट समुद्र मिळेल का. उत्तर यायला बारा दिवस लागले. मिळणार नाही, असं उत्तर आलं. केसोपंत म्हणाले, विचारून घेतलेलं बरं असतं.

भाऊजींना नाखवा नको होता. नाव आपण स्वतः हाकायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पाण्याचा अनुभव होता. एकदा ते ओंडक्यावर बसून ओढ्यापलीकडे गेले होते. आधी ओंडका गेला होता, मग ते.

तुळसेला पांढरं शीड हवं होतं. पांढऱ्या शिडापुढे अस्वलाचा फोटो चांगला येतो, असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या. मैत्रिणींनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्यांची मतं पक्की होती.

पांढरं शीड पोवळबेटावर होतं. पण तिथे नाखवा सक्तीचा होता. नाखव्याशिवाय नाव शंखबंदराला मिळत होती. पण तिथलं शीड तपकिरी होतं. नारळखाडीला दोन्ही होतं. पण ते पाणमांजर केसोपंतांच्या मनातून जात नव्हतं.

चर्चा रोज मधाच्या वेळेला व्हायची. चर्चेला ताकद लागते.

सुंद्राबाई मध मात्र चौघांपुरता आणायच्या. हाताला सवय होती. त्यामुळे त्यांच्या वाटणीचा रोज उरायचा. पहिले दोन दिवस तो झाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. अन्न वाया घालवू नये, म्हणून तिघांनी तो आपसांत घेतला. घेताना त्यांना फार वाईट वाटलं. चौथ्या दिवशी जरा कमी वाटलं. फाल्गुन लागेपर्यंत तिघांच्या वाट्या मोठ्या झाल्या होत्या आणि कोणालाच काही वाटत नव्हतं.

उपास घराला मानवला. केसोपंतांचे केस चमकू लागले. भाऊजींचा आवाज भरला. तुळसेच्या अंगावर लग्नाआधीचं तेज आलं, असं शेजारच्या साळिंदरीण काकूही म्हणाल्या. मग त्यांनी सुंद्राबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, ही कातडी तुमचीच ना, की थोरल्या जाऊबाईंची घातलीत?

सुंद्राबाई हसल्या. देव परीक्षा बघतो, म्हणाल्या. आता ठरेलच.

चैत्रात ठरत आलं होतं. पोवळबेट जवळजवळ नक्की झालं. तेवढ्यात खंड्या आणखी दोन बंदरांची पानं टाकून गेला. केसोपंत म्हणाले, हे न बघता ठरवणं म्हणजे त्या बंदरांवर अन्याय आहे. वाट्या पुन्हा भरल्या.

वैशाख आला. आता जंगलातही ऊन तापू लागलं. दव पडेनासं झालं. एका दुपारी केसोपंतांनी वाटी खाली ठेवली आणि नवाच मुद्दा काढला. आपण उबदार ठिकाणी जाणार होतो, कारण इथे थंडी होती. आता इथे थंडी नाही. तर मुळात जायचं का, याचा एकदा पहिल्यापासून विचार करायला हवा.

भाऊजी म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. तुळसा म्हणाली, बाबांचं काही चुकत नाही, आणि मैत्रिणीकडे निघून गेली.

सुंद्राबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. दक्षिणेला एक ढग आला होता. तळहाताएवढाच होता, पण काळा. त्याच दिवशी खंड्याचा निरोप आला, की चौथ्या दिवसापासून एकेका बंदरातून शेवटची नाव सुटेल. त्यानंतर झापं.

  सुंद्राबाई तशाच देवळाच्या तळ्यावर गेल्या. तिथे एक म्हातारं कासव राहत होतं. व्रताचं कुठे अडलं, की जंगलातल्या बायका त्याच्याकडे जात.

सुंद्राबाई म्हणाल्या, “आजोबा, माझ्या व्रतात काहीतरी चूक होतेय. चार महिने झाले. फळ नाही.”

कासवाने डोकं हळूहळू बाहेर काढलं. “संकल्प सोडताना नाव कोणाचं घेतलंस?”

“माझंच.”

“सहल किती जणांची?”

“चौघांची.”

“मग देवाने काय करायचं, बाई? तो बिचारा वरून बघतो. एकटीच बाई उपाशी. त्याला वाटतं, एकटीच निघालीय.”

 हे सुंद्राबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं.

कासव म्हणालं, “आणि चार महिन्यांचं पुण्य सगळं एकटीने घेतलंस. नवरा, दीर, लेक, तिघं कोरडी. हे काही बरं दिसत नाही.”

सुंद्राबाईंना फार शरमल्यासारखं झालं. इतके दिवस एका घरात राहून आपण आपल्यापुरतं पाहिलं, असं त्यांच्या मनात आलं. त्या कासवाच्या पाया पडल्या आणि घरी जाऊन लगेच कामाला लागल्या.

त्यांनी मधाची सगळी मडकी काढली. उरलेला मध वनदेवीला वाहिला. मडकी घासून उन्हात वाळवली, ओळीने उपडी घातली आणि प्रत्येकावर हळदकुंकू लावलं.

मधाची वेळ झाली. तिघंही पानं घेऊन बसली. त्यांनी वाट्या पुढे केल्या. वाट्या रिकाम्याच राहिल्या.

“चूक माझी होती,” सुंद्राबाई म्हणाल्या. “आजपासून व्रत चौघांचं.”

केसोपंतांनी उपड्या मडक्यांकडे पाहिलं. “म्हणजे कधीपर्यंत?”

“एकमत होईपर्यंत.”

“पण असं अचानक? ज्याला त्याला विचारायला नको? त्यावर जरा चर्चा…”

“करा की,” सुंद्राबाई प्रेमाने म्हणाल्या. “घाई नाही. मी चार महिने केलं. तुम्हाला पुण्य कमी का मिळावं?”

भाऊजींनी घसा साफ केला. “वहिनी, खरं सांगायचं तर माझी त्या अर्थाने तेवढी श्रद्धा नाही.”

“श्रद्धा माझी चालेल, भाऊजी. उपास तेवढा तुमचा हवा.”

सुंद्राबाईंनी हात जोडले आणि त्या वनदेवीचं नाव घेत कोपऱ्यात बसल्या. टोमणा मारायचा म्हणून त्या काही बोलल्या नव्हत्या. ते तिघांना कळत होतं, आणि म्हणूनच पुढे काही बोलायची सोय राहिली नव्हती.

 भाऊजींनी बोट वाटीच्या तळाशी फिरवलं आणि चाटून पाहिलं. वाटी घासलेली होती.

मग केसोपंत म्हणाले, की पाणमांजराच्या मताला आपण जरा जास्तच किंमत दिली. समुद्र हा खारट असायचाच. भाऊजी म्हणाले, की नाखवा असलेला तसा बरा, गरिबाला काम मिळतं. तुळसेला आठवलं, की तपकिरी शिडापुढेही फोटो येतो, फक्त दात दिसतील असं हसावं लागतं.

अंगणातली सावली चिंचेच्या मुळापासून पायरीपर्यंत यायच्या आत सहल ठरली. जी नाव सगळ्यांत आधी सुटेल, ती. ती शंखबंदराची निघाली. तिथे काय काय आहे हे पान उलटून बघायचं कोणाच्याही मनात आलं नाही. बुकिंगचा निरोप घेऊन केसोपंत स्वतः धावत गेले. पंधरा वर्षांनी ते धावताना दिसले, म्हणून काय झालं ते बघायला शेजारी बाहेर आले.

सुंद्राबाईंचे डोळे भरून आले. चार महिने जे झालं नाही, ते एका दुपारी झालं. व्रतात केवढी ताकद असते, ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं.

चौथ्या दिवशी चौघं नावेत बसली. शीड तपकिरी होतं आणि त्याला दोन ठिगळं होती. समुद्र खारट होता. पारण्याचं मडकं मध्ये ठेवलं. पहिलं बोट सुंद्राबाईंनी घातलं. तिघं थांबली होती. त्यांना थांबता येतं हे त्यांनाही त्या दिवशी कळलं.

पाच दिवस कोणी उठून कुठे गेलं नाही. दुसऱ्या दिवशी केसोपंतांना लांबवर एक नाव दिसली. तिची सावली आपल्या नावेच्या सावलीपेक्षा मोठी आहे का, यावर ते विचार करू लागले. तो विचार त्यांना परत येईपर्यंत पुरला. भाऊजींना नाव लागली. ते डोलकाठीला मिठी मारून पडून राहिले आणि पाच दिवस त्यांनी एकही मत दिलं नाही. सहल सगळ्यांना आवडली.

शेवटच्या दिवशी दुपारी तुळसा आईजवळ येऊन बसली. 

“आई,” ती म्हणाली, “त्यांच्याकडची माणसं चांगली आहेत. घर मोठं आहे. गुहेला दोन तोंडं आहेत. सगळं विचारून घेतलं आपण.”

“हो.”

“पण तिकडे झाडावर कोण चढतं, ते विचारायचंच राहिलं.”

सुंद्राबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. वारा होता, ते पुन्हा पुढे आले.

“तूच चढशील,” त्या म्हणाल्या. “त्याचं वाईट नाही. वरून छान दिसतं. फक्त एवढं कर. खाली उतरायच्या आधी, वर बसूनच, पोटभर खात जा.”

“आणि तू?”

“मीही आता तेच करणार आहे.”

नाव किनाऱ्याला लागली, तेव्हा पहिले थेंब पडत होते. नाखव्याने शीड उतरवलं.

तात्पर्य : घरच्यांच्या भल्यासाठी उपास जरूर करावा, पण तो घरच्यांकडून करवून घ्यावा. देव दयाळू आहे, तो कोणाच्याही उपासाने पावतो. घरचे मात्र फक्त स्वतःच्या उपासाने पावतात.